'रीडिंग चॅलेंज'ला काय म्हणायचं? (आणि 'डायव्हर्स'ला?)

वाचनालयातली

मंडळी, अडचण छोटी आहे, पण छापखान्यात अडकून पडलीय.

बेळगावात आमच्या गल्लीतल्या वाचनालयात नव्या वर्षापासून एक उपक्रम काढायचाय. बारा महिने, बारा पुस्तकं, सगळ्या कथा-कादंबऱ्याच. अट एवढीच, की बाराही पुस्तकं वेगवेगळ्या जगातली हवीत. एक दलित लेखकाचं, एक आदिवासी जगण्यावरचं, एक कन्नडमधून आलेलं, एक कोकणी, एक उर्दू, एक आफ्रिकेतलं, एक बाईनं लिहिलेलं, असं. इंग्रजीत याला 'डायव्हर्स फिक्शन रीडिंग चॅलेंज' म्हणतात.

मी कागदावर 'वाचन-आव्हान' लिहून दिलं. कंपोझिटरनं ते आपल्या परीनं शुद्ध करून 'वाचन-आवाहन' केलं. म्हटलं, अहो, आव्हान. तर म्हणतो, "ताई, तेच की! गौरी आवाहन दरवर्षी आम्हीच छापतोय." फलक दोन भाषांत आहे, वर कन्नड, खाली मराठी. कन्नड मजकूर शेजारच्या सरांनी करून दिला. त्यांनी माझं 'आव्हान' बघितलं आणि सरळ 'आह्वान' लिहून टाकलं. कन्नडात आह्वान म्हणजे आमंत्रण! कच्चं प्रूफ दारावर चिकटवलं तर दोघं-तिघं विचारून गेले, कार्यक्रम किती वाजता, जेवण आहे की नुसता चहा.

शनिवारी प्रूफ परत द्यायचंय. चॅलेंजला शब्द सुचवा, आणि डायव्हर्सलाही. 'वैविध्यपूर्ण' लिहिलं की सरकारी परिपत्रक वाचतोय असं वाटतं.

जिव्हाळा

कंपोझिटरला फार बोलू नका. घोटाळा जुना आहे. मूळ संस्कृत आह्वान, म्हणजे हाक मारणं. मराठीच्या जिभेला 'ह्व' जमत नाही, ती उलटा करून 'व्ह' म्हणते. जिह्वाची जिव्हा झाली, विह्वलवरून आपण विव्हळायला लागलो, तसं आह्वानचं आव्हान. हाक तीच राहिली, पण मराठीनं ती लढायला मारली आणि कन्नडनं जेवायला. कोण शहाणं ते ठरवा. आवाहन वेगळं, ते 'वह्'वरून: आणणं. गौरी आणतो म्हणून आवाहन.

त्यामुळे तुमच्या फलकावर आत्ता वर 'या जेवायला' आहे आणि खाली 'या लढायला'. छापा तसंच.

निपाणकर

आव्हान कोण म्हणतंय वो आमच्याकडं? तो पेपरातला शब्द. 'कडवे आव्हान', 'आव्हान संपुष्टात', क्रिकेटच्या पानावर. मैदानात पैलवान आव्हान देत नाही, शड्डू ठोकतो आणि जोड मागतो. पारावर पोरं पैज मारतात. 'बारा पुस्तकांची पैज' लिवा. लहान पोराला कळंल आणि म्हाताऱ्यालाबी.

कोशाळ

पैजला माझाही कौल. उगाच गावरान म्हणून नाक मुरडू नका, वंश मोठा आहे: प्रतिज्ञा, प्राकृतात पइज्जा, मराठीत पैज. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात 'परि अमृतातेंही पैजा जिंके' आहेच. मराठीच्या तोंडी पहिलं चॅलेंज ते!

शुद्धलेखक

पैजेत पैसे लागतात. वाचनालयाच्या दारावर पैज लिहिणं बरं दिसेल का? आव्हान हा नेमका, प्रतिष्ठित, संस्कृतोद्भव शब्द असताना लोकांना तो येत नाही म्हणून सोडून द्यायचा? लोकांना शिकवा. नाहीतर उद्या म्हणाल, 'चॅलेंज'च छापा.

निपाणकर

छापा की! पोरगी घरात 'चॅलेंज' म्हणत्या, तिची आज्जीबी म्हणत्या. कुणाचं काय अडलंय?

धारवाडची सून

मी मूळची धारवाडची, दिलीय शहापुरात. घरात कन्नड, सासरी मराठी, भांडण दोन्हीत. कन्नड बाजू मी सांगते: तिथं 'सवालु' लिहा. 'ओदिन सवालु', वाचनाचं चॅलेंज. एकदम रोजचा शब्द आहे.

पण हाच शब्द मराठीत आणलात तर माझ्यासारखं होईल. लग्नानंतर पहिल्या वर्षी सासूबाईंना सांगितलं, "मी सवाल घेतलाय, महिन्याला एक मराठी पुस्तक वाचणार." त्या म्हणाल्या, "सवाल घेत नाहीत गं, विचारतात." मी म्हटलं, विचारत नाहीय, घेतेय. बराच वेळ चाललं ते. शेवटी सासरे आतून ओरडले, "ती पैज म्हणायलीय!"

शब्दांनी असा दगा देणं आमच्या घराण्यातच आहे. कन्नडात उपन्यास म्हणजे व्याख्यान आणि उपन्यासक म्हणजे कॉलेजात शिकवणारा. माझे वडील उपन्यासक. शेजारी हिंदीवाले राहायला आले, त्यांना वाटलं हे कादंबऱ्या लिहितात. दोन वर्षं ते "नवीन काय लिहिताय" विचारायचे आणि वडील "पोर्शन संपवायलोय" म्हणायचे. कादंबरी मात्र कन्नडात आणि मराठीत एकच. बाणभट्टानं नायिकेचं नाव ठेवलं आणि आपण दोघांनी ते सगळ्या प्रकाराला देऊन टाकलं.

शुद्धलेखक

सवाल अरबी आहे. एवढंच नोंदवतो.

निपाणकर

मग वकीलबी सोडा, दुकानबी सोडा. आणि पगार पोर्तुगीज हाय, एक तारखेला परत करून या.

कोशाळ

दोघांनाही सांगतो: घडवलेला शब्द चालतच नाही असं नाही. 'महापौर' सावरकरांनी घडवला, आज कन्नड बातम्यांतही 'महापौर' येतो. पण तो चालला कारण रोज लागणारा होता. 'वाचन-आव्हान' वर्षातून एकदा भिंतीवर लागणार. त्याला कोण रुळवणार?

अनगोळचा आप्पा

दुसऱ्या प्रश्नाकडं कुणी वळेना म्हणून मी वळतो. डायव्हर्सला आपल्याकडं आयता शब्द आहे: अठरापगड. अठरा जातींच्या अठरा तऱ्हेच्या पगड्या. 'अठरापगड कथा'. वैविध्य-बिविध्य कशाला?

जिव्हाळा

शब्द झकास, पण त्याच्या मागून 'जाती' आपोआप येतात. आणि यादीत आफ्रिका आहे, त्यांना कुठली पगडी घालणार?

धारवाडची सून

शिवाय बाजारात दुकान भाड्यानं घेतलेल्या माणसाला पगडी म्हटलं की वेगळंच आठवतं!

अनगोळचा आप्पा

बरं, मग 'बारा गावचं पाणी'. बारा महिने, बारा पुस्तकं, बारा गावं. आव्हान नको, पैज नको, वैविध्य नको. एका फटक्यात सगळं आलं.

शुद्धलेखक

बारा गावचं पाणी प्यायलेला म्हणजे बेरकी. सभासदांना बेरकी म्हणायचंय?

अनगोळचा आप्पा

एवढी पुस्तकं वाचून थोडा बेरकीपणा आला तर बरंच की.

येळ्ळूरची

शब्द राहू देत बाजूला. यादीत 'एक बाईनं लिहिलेलं' म्हणजे काय? बाकीची अकरा बुवांची? दलित बाई लिहीत नाही, कोकणी बाई लिहीत नाही? बाई हे काय वेगळं गाव आहे का?

वाचनालयातली

चूक मान्य. खोडलं. आता अकराच राहिली, बारावं सुचवा.

कोशाळ

बारावं इथलंच घ्या. मराठीतली पहिली कादंबरी म्हणतात ती 'यमुनापर्यटन', १८५७ ची, विधवांच्या हालांवर. ती लिहिणारे बाबा पदमनजी १८३१ साली बेळगावात जन्मले. आपल्या गावचा माणूस, धर्म बदललेला, विषय बायकांचा. डायव्हर्स म्हणजे आणखी काय पाहिजे?

निपाणकर

आणि आमचे महादेव मोरे? निपाणीत पिठाची गिरणी चालवत कथा-कादंबऱ्या लिवल्या त्यांनी. आमच्या भागाची भाषा जशी बोलतो तशी छापून आली, त्याला कुठल्या शुद्धलेखकाची परवानगी लागली नाही. माझ्या आईनं ते पुस्तक हातात घेतलं आणि म्हणाली, "हे तर आपल्यागत बोलतंय." त्याआधी पुस्तक म्हणजे पुण्यातलं काहीतरी, असंच तिला वाटायचं. शब्द शोधायलाय ना डायव्हर्सला? 'आपल्यागत बोलणारी पुस्तकं' लिवा.

जिव्हाळा

पण या उपक्रमात हेतू उलटा आहे ना? आपल्यागत न बोलणारी वाचायची.

निपाणकर

पुण्याच्या वाचकाला मोरे 'न बोलणारे', आम्हाला 'बोलणारे'. एकच पुस्तक. म्हणूनच म्हणतोय, डायव्हर्स कोण ते सांगणारा कुठं बसलाय त्यावर हाय सगळं.

सभासद क्र. ४०

माझा भाबडा प्रश्न. 'उपरा' चालेल का? घरात आहे, नवीन घ्यायला नको.

कोशाळ

नाही. लक्ष्मण मानेंचं 'उपरा' (१९८०) आत्मकथन आहे. उपक्रम फिक्शनचा आहे. 'फकिरा' घ्या, ती कादंबरी.

सभासद क्र. ४०

फिक्शन म्हणजे नक्की काय पण? रजिस्टरात तर 'ललित' लिहिलेलं असतं, त्यात लेखसुद्धा येतात.

वाचनालयातली

हा आमचा तिसरा खड्डा. ललित म्हटलं तर निबंधही आत शिरतात. 'कथात्म' म्हटलं तर लोक तोंडाकडं बघतात. 'काल्पनिक' लिहून बघितलं होतं मागं एका कपाटावर. एक आजोबा अण्णा भाऊंचं पुस्तक हातात घेऊन आले आणि म्हणाले, "हे त्या कपाटात कुणी ठेवलं? हे खोटं नाही." कपाट बदललं. चिठ्ठी काढली.

शुद्धलेखक

'कल्पित' म्हणा. कल्पित म्हणजे खोटं नव्हे, रचलेलं.

येळ्ळूरची

'रचून सांगायलाय' म्हणजे आमच्याकडं खोटंच.

खानापूरची लेक

उशिरा आलेय. सगळं वाचलं. तुम्ही सगळे कुणाला तरी हरवायच्या गोष्टी करताय: शड्डू, पैज, जोड. बारा पुस्तकं वाचताना समोर आहे कोण?

माझी आई चातुर्मासात रोज पोथीचा एक अध्याय वाचायची. खानापूरचा पाऊस, वीज संध्याकाळीच जाणार. पाटावर पोथी, शेजारी कंदील, चष्म्याची एक काडी मोडलेली म्हणून दोरा कानामागून घेऊन गाठ मारलेला. वाचून झालं की पानात तुळशीचं पान ठेवायची. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन अध्याय, मग जेवण. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बघत नव्हतं. विचारलं तर म्हणायची, "माझा नेम आहे." मला तुमचं रीडिंग चॅलेंज ऐकल्यावर तीच आठवली. 'वाचनाचा नेम' म्हणा.

निपाणकर

ह्यो बरा हाय. पैज मागं घेतो.

जिव्हाळा

सुंदर आहे. फक्त 'नेम धरला' म्हटलं की बंदूकही डोळ्यापुढे येते.

शुद्धलेखक

शब्द व्रतवैकल्याचा आहे. ज्या यादीत दलित साहित्य आहे, उर्दू आहे, त्यावर चातुर्मासातला शब्द कशाला? मी प्रमाण भाषेच्या बाजूनं आहे हे खरं, पण हा प्रश्न प्रमाणाचा नाही. हा शब्द अमुक एका घरातून येतो.

खानापूरची लेक

नेम 'नियम'वरून आला. नियम कुणाचा एकट्याचा?

येळ्ळूरची

मला शुद्धलेखकांचं पटलं, आणि असं पहिल्यांदाच होतंय. आमच्या गल्लीतल्या चाचींना 'नेम' म्हटलं तर कळेल, पण त्या स्वतः म्हणणार नाहीत.

अनगोळचा आप्पा

नेम धरलात तर डिसेंबरात उद्यापन घालावं लागेल. बारा वाचकांना जेवण. म्हणजे कन्नड फलकावरचं 'आह्वान' बरोबरच होतं!

वाचनालयातली

मंडळी, हसून झालं असेल तर जरा गडबड करा, उद्या शनिवार.

पुण्याचा पाहुणा

मी नुसता वाचत होतो. एक कळलं नाही, गडबड कशाला करायची? झालेली कमी आहे का?

धारवाडची सून

अहो, गडबड म्हणजे घाई! कन्नडातही तेच, 'गडिबिडि'.

पुण्याचा पाहुणा

आमच्याकडे गडबड म्हणजे गोंधळ. 'हिशेबात गडबड आहे' असं. घाईच्या अर्थानं चूकच आहे ना तो?

निपाणकर

चूक? कोल्हापूरपासून बेळगावपर्यंत सगळे 'गडबडीत हाय' म्हणतात ते चूक?

कोशाळ

थांबा, पुण्यातही 'सकाळची गडबड' म्हणतातच की. तिथं अर्थ घाईकडेच झुकतो. ध्वन्यनुकारी शब्द आहे, कन्नडातून मराठीत आला की मराठीतून कन्नडात गेला हे ठरवणं…

अनगोळचा आप्पा

…आणि ते आइसक्रीम? गडबड आइसक्रीम घाईनं केलेलं की गोंधळानं?

पुण्याचा पाहुणा

त्याला वेगळा धागा काढा, मी येतो.

वाचनालयातली

प्रूफ दिलं नाही. प्रेसवाले म्हणाले, सोमवारी या. कन्नड ओळ 'ओदिन सवालु' नक्की केली, सूनबाईंचे आभार. मराठी ओळ रिकामी आहे.

तेवढ्यात आज एक काकू आल्या, भाजीची पिशवी दारातच ठेवली, दारावरचं जुनंच प्रूफ वाचलं आणि पहिलं पुस्तक घेऊनही गेल्या. 'वंशवृक्ष', मराठीतलं. भैरप्पांचं कन्नड, उमा कुलकर्णींचा अनुवाद. उमाताई जन्मानं बेळगावच्याच, त्यामुळे हे 'कन्नडमधून आलेलं' धरायचं की 'इथलंच' हेही मला सांगता आलं नाही. रजिस्टरात उपक्रमाच्या नावाचा रकाना आहे. विचारलं, काकू, काय लिहू? त्या म्हणाल्या, "काय ते लिव गं, शिक्का मार आणि सोड, गडबडीत हाय, बस जाईल."

पुण्याचा पाहुणा

बघा! इथे घाईच.

शुद्धलेखक

रकान्यात काय लिहिलंत पण शेवटी?