आईचा चहा आणि दुधाला पर्याय: उकळत्या चहाला सोयाच, ओट्स नाही

चारुता_साताऱ्याची
आईला (वय ७१) दूध पचत नाही, हे गेल्या दिवाळीनंतर पक्कं झालं. पोट फुगायचं, सकाळी तीन-तीनदा जावं लागायचं, आणि आम्ही वर्षभर ‘वय झालं’ म्हणून ते सोडून देत होतो. डॉक्टरांनी दोन आठवडे दूध पूर्ण बंद करायला सांगितलं. आठव्या दिवशी आई म्हणाली, ‘आज पोट हलकं वाटतंय गं.’ दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारं विकर (एन्झाइम) वयाबरोबर बऱ्याच जणांत कमी होत जातं. दही-ताक तिला अजून चालतं, कारण विरजणात त्यातलं काही लॅक्टोज आंबून जातं. अडलं ते फक्त चहापाशी.

आईचा चहा म्हणजे अर्धं पाणी, अर्धं दूध, आलं ठेचून घातलेलं आणि तीनदा वर आलेला. गेले चार महिने मी ओट्स, बदाम, काजू, नारळ, सोया सगळं करून पाहिलं. माझं मत ठाम झालंय: आपल्यासारख्या उकळलेल्या चहाला सोयाचं दूधच घ्यावं. ओट्सचं कॉफीत ठीक. बदामाचं गरम पेयात घालूच नये.

कारणं सांगते. घरी केलेलं ओट्सचं दूध तापलं की त्यातला स्टार्च फुगतो आणि चहाची पेज होते, अगदी बुळबुळीत. पाकिटातल्या ओट्स दुधात विकरं घालून तो स्टार्च आधीच फोडलेला असतो, म्हणून ते एवढं घट्ट होत नाही. पण फुटलेल्या स्टार्चची माल्टोज नावाची साखर होते आणि चहा आपसूक गोडसर लागतो. पाकिटावर ‘साखर घातलेली नाही’ असं असलं तरी. आईने एक घोट घेऊन कप बाजूला सारला. बदामाचं म्हणाल तर माझ्या हातातल्या पाकिटात बदाम होते ३ टक्के. उरलेलं पाणीच की.

सोयात १०० मिलिलीटरला ३ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, जवळपास गाईच्या दुधाइतकी. म्हणून चहाला रंगही येतो आणि तोंडात भरल्यासारखा लागतो. माझी पद्धत: पाव किलो सोयाबीन रात्रभर भिजवायचं, सालं चोळून काढायची आणि उकळत्या पाण्यातच वाटायचं. गार पाण्यात वाटलं की तो उग्र, कच्च्या शेंगेसारखा वास येतो, कारण दाणा फुटताच त्यातलं विकर तेलावर काम सुरू करतं. उकळतं पाणी त्याला तिथेच मारतं. मग फडक्यातून पिळून, सतत ढवळत निदान पंधरा मिनिटं उकळायचं. कच्चं सोया पचत नाही, इथे घाई करू नका. पाव किलोत दोन लिटर होतं, चोथा थालीपिठात जातो.

चहा फाटू नये म्हणून चहा-आलं-पाणी आधी नीट उकळून गाळून घेते. सोया दुसऱ्या पातेल्यात गरम करते, त्यावर चहा हळूहळू ओतते आणि पुन्हा उकळी आणत नाही. गुळाच्या चहात आपण गॅस बंद करून शेवटी गूळ घालतो ना, तसंच हे.

तुम्ही काय वापरता? विरोधी मतंही येऊ द्यात.

धारोष्ण
चारुताताई, आईंच्या तब्येतीबद्दल काही म्हणणं नाही. पण याला दूध म्हणू नका. नियमही तेच सांगतो. २०२१ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना सांगितलं की ‘दूध’ असं लिहिलेली ही पेयं काढून टाका. युरोपातल्या न्यायालयानेही २०१७ मध्ये सोयाच्या पेयाला दूध म्हणायला मनाई केली. दूध जनावराच्या सडातून येतं.

दुसरं, लॅक्टोज पचत नसेल तर लॅक्टोज-फ्री दूध मिळतं. ते खरं गाईचंच, फक्त विकर घालून लॅक्टोज आधीच फोडलेलं. मग एवढा खटाटोप कशाला?

मी संगमनेर तालुक्यातला. घरी अकरा गाई. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) लागलं तर भाव, पॉइंट कमी भरले की कापणी. जुलै २०१८ मध्ये लिटरला ५ रुपये अनुदानासाठी राज्यभर दूध बंद झालं होतं, तेव्हा मी कॉलेजात होतो आणि आमच्या घरचं दूध तीन दिवस गावात वाटलं होतं. शहरातली माणसं आरोग्याच्या नावाखाली दूध सोडायला लागली की त्याची झळ आमच्या गोठ्यालाच बसते.

चारुता_साताऱ्याची
लॅक्टोज-फ्री आणून पाहिलं, धारोष्ण. आईला पचलं, तुमचं बरोबर आहे. पण आमच्या भागात ते आठवड्यातून एखाद्या दिवशी दिसतं, कधी महिनाभर नाही. रोज सकाळी साडेपाचला लागणारी गोष्ट अशी भरवशाशिवाय कशी ठेवू? आणि घरातल्या बाकी तिघांसाठी रतीब चालूच आहे, आम्ही दूध सोडलेलं नाही.

लातूरचा_सोयाबीनवाला
धारोष्णभाऊ, शेतकरी म्हणजे काय फक्त गोठेवालाच का? आमचं काय? २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव होता ४,८९२ रुपये क्विंटल. आडतीवर माझा माल गेला ४,१०० ने, तोही ओलावा जास्त म्हणून आणखी कापून. आमच्या सोयाबीनचं तेल निघतं, पेंड कोंबड्यांना जाते, आणि माणसाच्या ताटात येतं ते फक्त तेल. ज्या दाण्यात ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं आहेत तो दाणा आपण माणसांनी खायचाच नाही, हे मला पटत नाही. ताईंनी पाव किलो घेतलं, उद्या चार घरांनी घेतलं, तर मराठवाड्यात बचत गटाच्या बायका घरी दूध काढून विकू शकतील. दूध डेअरीलाही सुरुवात अशाच छोट्या छोट्या घरांतून झाली होती.

निळी_गोकर्ण
मी सहा वर्षांपासून प्राण्यांचं काहीच घेत नाही, त्यामुळे माझी बाजू उघड आहे. माझ्यासाठी प्रश्न पचनाचा नाही. म्हशीला नर रेडकू झालं की त्याचं काय होतं, हे गोठा पाहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. पारडीला दूध मिळतं, रेडकाला उपास. गोऱ्ह्यांचं, म्हणजे गाईच्या नर वासरांचं, तर २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर आणखी अवघड झालं. विकता येत नाहीत, पोसवत नाहीत, म्हणून रस्त्यावर सोडलेली दिसतात.

पर्यावरणाचं म्हणाल तर २०१८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक या दोघा संशोधकांचा मोठा अभ्यास आला. जगाची सरासरी धरली तर लिटरभर गाईच्या दुधामागे सुमारे ३ किलो कार्बन डायऑक्साइडइतका वायू आणि ६२८ लिटर पाणी. सोया आणि ओट्सला वायू एक किलोच्या आसपास, पाणी सोयाला २८, ओट्सला ४८. बदाम मात्र पाण्याला महागच, ३७१ लिटर. जगातले बहुतेक बदाम कॅलिफोर्नियात पिकतात, तिथे पाण्याची मारामार. म्हणून बदामाला माझाही विरोध.

धारोष्ण
जगाची सरासरी इथे लावू नका. आमच्या गाई कडबा, मका, उसाचं वाडं खातात. माणसाला जे खाता येत नाही त्याचं दूध करतात. शेणखत शेतात जातं. त्याचा हिशोब त्या आकड्यात कुठे आहे?

गोऱ्ह्यांचं बोललात ते दुखतं, कारण खरं आहे. म्हणूनच मी दोन वर्षं कालवडीच होतील अशा लिंगनिर्धारित रेतमात्रा भरवून घेतोय. गेल्या वर्षी सहा वेतांत पाच कालवडी. आम्हाला जनावर सोडून द्यायची हौस नाही.

निळी_गोकर्ण
रेतमात्रेचं ऐकून खरंच बरं वाटलं. पण वाडं-कडब्याचा मुद्दा अर्धाच पुरा पडतो. कमी दूध देणाऱ्या गाईचा मिथेन काही त्याच प्रमाणात कमी होत नाही आणि तो कमी लिटरांवर वाटला जातो. म्हणजे लिटरमागे आपल्याकडे आकडा कमी नाही, जास्तच भरतो.

ॲमस्टरडॅमकर
ओट्सवर अन्याय होतोय. इथे कॉफीच्या दुकानात ओट्सचं दूध मागितलं तर कुणी वळूनही बघत नाही. ओट्स दुधाचा शोध स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या संशोधनातून १९९० च्या दशकात लागला, आणि तोही दूध न पचणाऱ्यांसाठीच. चारुता, तुम्ही साधं पाकीट आणलं असणार. ‘बरिस्ता’ लिहिलेलं आणा. त्यात थोडं तेल आणि आम्लता सांभाळणारं फॉस्फेट असतं. मी त्यात रोज आल्याचा चहा उकळतो, फाटत नाही. उलट सोयाच कॉफीत हमखास फाटतं: कॉफी आंबट, सोयाची प्रथिनं आम्लात गोळा होतात, आणि कॉफी जितकी कमी भाजलेली तितकं जास्त. गोडसरपणाचं म्हणाल तर मी चहात साखर अर्धी केली. माझ्या मधुमेही वडिलांना मात्र देत नाही, ती माल्टोज रक्तात लवकर चढते.

चारुता_साताऱ्याची
बरिस्ताचं पाकीट इथे अडीचशेच्या घरात जातं. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला (सोयाच्या पेयांचा १२ वरून ५), तरी दुकानात फार फरक दिसला नाही. महिन्याला दहा लिटर धरा. घरच्या सोयाचे पाव किलोला पंचवीस-तीस रुपये. कॉफीबद्दल मात्र तुमचं मान्य, मी वरही तेच लिहिलंय.

केशरवेलची
बदामाला कुणी वाली नाही म्हणून लिहिते. रात्री भिजवलेले बारा बदाम सोलून, थोड्या पाण्यात गंधासारखे वाटून गरम हळदीच्या पाण्यात घालून बघा. पाकिटाशी त्याची तुलनाच नाही.

आहारविचार
मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, तेव्हा दोनच गोष्टी, पण त्या कुणी सोडू नयेत. शाकाहारी घरात बी-१२ मुख्यतः दूध-दह्यातूनच येतं. घरी केलेल्या सोया-ओट्समध्ये ते नसतंच. आई दही-ताक घेतात हे चांगलं, तरी एकदा रक्त तपासा. कॅल्शियमचंही तसंच: गाईच्या दुधात १०० मिलिलीटरला १२० मिलिग्रॅमच्या आसपास असतं, घरच्या सोयात त्याच्या पाव हिस्साही नाही. पाकिटात वरून घातलेलं कॅल्शियम तळाशी बसतं, म्हणून जोरात हलवूनच ओता, नाहीतर ते पाकिटाबरोबर कचऱ्यात जातं. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला यातलं काहीही दुधाऐवजी देऊ नका. ओट्स नाही, बदाम नाही, सोयाही नाही.

रस_घावन
मी मालवणची. तुमची सगळी चर्चा वाचली आणि वाईट वाटलं, कारण चहात नारळ शोभत नाही म्हणून तो एका शब्दात बाद झाला. बरोबर, चहात नाहीच शोभत. तेल वर येतं आणि चहाचा वास मरतो. पण आईंना सकाळी फक्त चहाच का? दूध-पोहे बंद झाले असतील, दूध-भाकरी बंद झाली असेल. त्या जागी काय दिलंत?

आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या न्याहारीला नारळाचा रस आहे. घावन आणि रस, शिरवाळे आणि रस, खापरोळी आणि रस. ओलं खोबरं कोमट पाण्यात वाटायचं, पहिला जाड रस वेगळा काढायचा, दुसरा पातळ वेगळा. पातळ रसात गूळ विरघळवायचा, वेलची, मिठाची कणी, मग जाड रस. गॅसवर ठेवायचं नाही. रश्श्यातसुद्धा आम्ही जाड रस शेवटी घालतो आणि कढ येऊ देत नाही, नाहीतर फुटतो. चारुता, तू सोयाचं जे शोधून काढलंस ते आमच्या आज्यांना नारळात ठाऊक होतं.

आणि कॅल्शियम हवं तर नाचणीचं घावन कर. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं.

धारोष्णभाऊंनाही सांगते, ‘नारळाचं दूध’ म्हणायला तुमच्या नियमानेही मनाई नाही. जुन्या नावांना सूट आहे.

धारोष्ण
नारळाच्या दुधाला माझा कधीच विरोध नव्हता. ते दुधाचं सोंग घेत नाही. चहात दूध असल्यासारखं भासवायचं, त्यालाच माझा विरोध. मग कोरा चहा का नको?

चारुता_साताऱ्याची
कोरा चहा पहिल्याच आठवड्यात दिला होता. प्यायली बिचारी, काही बोलली नाही. चौथ्या दिवशी तिने मला सांगितलं, ‘उद्यापासून माझा केला नाहीस तरी चालेल, उगाच वाया जातो.’ पंचावन्न वर्षं ती रोज सगळ्यांच्या आधी उठून चहा ठेवत आली. तो कप तिच्या हातातून मी काढून घेणार नाही. तुम्ही त्याला सोंग म्हणा, माझी हरकत नाही.

रस_घावन, रविवारी नाचणीचं घावन आणि रस केला. आईने दोन खाल्ली आणि रस वाटीने मागून घेतला. बी-१२ साठी रक्त दिलंय, बुधवारी रिपोर्ट येईल.

लातूरकर, एक विचारायचं राहिलं. गेल्या खेपेचं सोयाबीन वाण्याकडे मिळालं नाही म्हणून यांनी कृषी केंद्रातून पिशवी आणली. दाणे गुलाबीसर दिसतायत. धुऊन चालतील का?

लातूरचा_सोयाबीनवाला
ताई, थांबा! ते अजिबात वापरू नका. ते पेरणीचं बियाणं आहे. गुलाबी रंग बुरशीनाशकाचा आहे, धुऊन जात नाही. जनावराला, पाखरांनाही घालू नका. पिशवी दुकानदाराला परत द्या. किराणा दुकानातूनच पिवळे, डाग नसलेले, एकसारखे दाणे घ्या, आणि भिजवताना वर तरंगणारे काढून टाका.