माळवदाच्या घरातील गांधीलमाश्या: कोणते पोळे काढावे आणि कोणते राहू द्यावे?

प्रश्न (जिंतूर तालुका, परभणी)

नमस्कार. आमचे घर अर्धे माळवदाचे आणि अर्धे पत्र्याचे आहे. उन्हाळा लागल्यापासून घराभोवती दंश करणाऱ्या माश्या फार वाढल्या आहेत. ओसरीच्या तुळईला राखाडी, कागदासारखे, वाटीएवढे पोळे लोंबत आहे, देवळीत मातीची लहान मडकी चिकटलेली आहेत, आणि मागच्या भिंतीतील भोकातून पोटावर पिवळा पट्टा असलेल्या मोठ्या, तांबूस माश्या सारख्या ये-जा करतात. गेल्या आठवड्यात सासूबाईंच्या हाताला एकाच माशीने दोनदा डंख मारला. शेजारी पलिता लावून जाळा म्हणतात, पण घरात लहान मूल आहे आणि भिंतीला लागूनच पळाट्यांचा ढीग आहे. काय करावे?

उत्तर १ (अंबाजोगाई)

ताई, पलिता मुळीच लावू नका. माळवदाची लाकडे आणि वाळलेल्या पळाट्या यांच्याजवळ आग नेणे हे माश्यांपेक्षा कितीतरी घातक आहे.

तुमच्या वर्णनावरून हे तीन वेगळे कीटक वाटतात. मातीची मडकी कुंभारीण माशीची आहेत. ती एकटी राहते, पोळ्याचे रक्षण करण्यासाठी अंगावर येत नाही आणि मुठीत धरल्याशिवाय सहसा चावत नाही. ती आधी मडक्यात आपले अंडे घालते, मग अळीला डंख मारून लुळी करते आणि त्यात ठेवते. पिल्लू ती अळी खाऊन वाढते. भागवतातील अवधूताने आपल्या चोवीस गुरूंमध्ये जिला स्थान दिले, ती हीच असावी. ती मडकी राहू द्या.

तुळईवरचे पोळे कागदी गांधीलमाशीचे आहे. ती लाकडाचे तंतू चावून लाळेत मिसळते व त्याचा कागद बनवते. पोळे एकाच देठावर लोंबते आणि मुंग्या वर चढू नयेत म्हणून त्या देठाला ती एक स्राव लावते. या माश्या पिकावरच्या अळ्या टिपतात, म्हणून शेतातील पोळ्याला हात लावू नये, असे माझे मत आहे. परंतु ओसरीवर, मुलाच्या वाटेत असलेले पोळे काढलेच पाहिजे.

भिंतीतील माश्यांचे प्रकरण मात्र गंभीर आहे. भोक सिमेंटने बुजवू नका, कारण बाहेरची वाट बंद झाली तर त्या घरातली फट शोधून आत येतील. हे काम संरक्षक पोशाख असलेल्या जाणकार माणसाकडूनच करून घ्यावे.

उत्तर २ (लातूर, परिचारिका)

मधमाशीची नांगी कातडीत रुतून राहते, तर गांधीलमाशीची रुतत नाही, म्हणूनच ती पुन्हा पुन्हा डंख मारू शकते. जागा साबणाने धुवावी, थंड पाण्याची पट्टी ठेवावी आणि सूज येण्यापूर्वी बांगड्या-अंगठ्या काढाव्यात. लोखंड घासणे किंवा चुना लावणे यात वेळ घालवू नये. अंगभर गांध्या उठल्या, ओठ किंवा जीभ सुजली, धाप लागली किंवा भोवळ आली, तर तत्काळ १०८ ला फोन करावा. अशा वेळी ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन लागते. एकाच वेळी पुष्कळ डंख झाले असतील, तर बरे वाटत असले तरी दवाखान्यात जावे, कारण विषाचा परिणाम पुढे मूत्रपिंडावर होऊ शकतो. लघवी काळपट होणे हे त्याचे लक्षण आहे.

उत्तर ३ (सेलू)

आमच्याकडे उन्हाळ्यात या माश्या पाण्यासाठी येतात, कारण पोळे थंड ठेवायला त्यांना पाणी लागते. गळकी तोटी दुरुस्त करा, हौद आणि रांजण झाकून ठेवा, आणि खरकटे व पिकलेली फळे उघडी टाकू नका. ओसरीवरचे पोळे लहान असल्यामुळे, अंधार पडल्यावर माश्या त्यावर स्थिर बसलेल्या असताना, अंगभर जाड कपडे आणि तोंडाला जाळी बांधून, धुण्याच्या पावडरीचे दाट पाणी फवाऱ्याने मारता येते. विजेरी हातात धरू नका, दूर ठेवा, कारण माश्या उजेडाकडे झेपावतात. शिडीवर चढून हे करू नये. सकाळी पोळे देठासकट खरवडून ती जागा धुऊन घ्यावी.

प्रश्नकर्ती (जिंतूर तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. मागच्या भिंतीकडची खिडकी आजच जाळी लावून बंद केली आहे आणि मुलाचे अंथरूण पुढच्या खोलीत हलवले आहे. सासूबाईंची सूज उतरली आहे. पळाट्यांचा ढीग मात्र माश्यांचा बंदोबस्त झाल्यावरच हलवू, कारण आता तिथे धक्का लागला तर त्या चवताळतील.

उत्तर १ (अंबाजोगाई)

योग्य केलेत. बंदोबस्त झाल्यावर दोन-तीन दिवस भोकावर दुरून नजर ठेवा. ये-जा पूर्ण थांबली असेल तरच ते बुजवा.