पार्क केलेल्या गाडीत एसी लावून बसलं तर चालतं का?

बाबांचं डायलिसिस असतं, आठवड्यातून ३ दिवस मी आणि आई हॉस्पिटलबाहेर ४ तास गाडीतच असतो, नागपूरचा मे आहे, सीटबेल्टचं बक्कल हाताला चटका देतं. पेट्रोल गाडी आहे. इंजिन चालू ठेवून एसी लावला तर काही बिघडेल का?

प्रतिसाद १:
इंजिन बंद असेल तर नुसता ब्लोअर फिरतो, गार हवा येत नाही, कारण कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर चालतो, आणि वर बॅटरी उतरते ती वेगळीच. चालू ठेवलंत तर तासाला साधारण १ लिटर पेट्रोल धरून चाला. टेम्परेचरच्या काट्यावर नजर ठेवा, रेडिएटरचा पंखा बिघडलेला असेल तर उभी गाडी लगेच तापते.

प्रतिसाद २:
दादा, बेसमेंटमध्ये किंवा बंद गॅरेजमध्ये मात्र अजिबात नको!! कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, माणूस झोपेतच जातो. मोकळ्यावरच लावा, सायलेन्सर भिंतीला चिकटवू नका, आणि एसी लावून झोपू तर नकाच. डोकं जड झालं, मळमळलं की आधी बाहेर या.

प्रश्नकर्ता:
बापरे, आम्ही बेसमेंटलाच लावत होतो, आई तर झोपायचीसुद्धा. उद्यापासून बाहेर कडुनिंबाखाली.