मदत हवी आहे: ‘सीता रामम’साठी मराठी सबटायटल्स

हनु राघवपुडी यांचा ‘सीता रामम’ (2022) मूळ तेलुगूतच पाहावा असा आहे. दुलकर सलमान आणि आपली मृणाल ठाकूर. इंग्रजी वाचायची सवय नसलेल्या घरच्या ज्येष्ठांसाठी मराठी एसआरटी फाइल (वेळांसह सबटायटल्सची साधी मजकूर-फाइल) तयार करतोय.

वेळेचं गणित बसलंय. आधाराला घेतलेली इंग्रजी फाइल सेकंदाला 25 फ्रेमच्या (चित्रांच्या) व्हिडिओसाठीची, माझा व्हिडिओ 23.976चा. त्यामुळे सुरुवात जुळायची, पण शेवटाकडे ओळी साडेसहा मिनिटं आधीच यायच्या. सगळ्या वेळांना 1.0427ने गुणलं की जुळतं.

खरी अडचण पत्रांची. सीतेची पत्रं हाच सिनेमाचा जीव, तिथं घाईत वाचायला लावणं पटत नाही. सेकंदाला 15 अक्षरांची मर्यादा ठेवली, तर सॉफ्टवेअर काना, मात्रा, हलंत सगळं वेगळं मोजतं. ‘प्रिय’ दोन अक्षरांचा, मोजणी पाच! मग जवळजवळ प्रत्येक ओळ मर्यादेबाहेरची म्हणून लाल दिसते. देवनागरीसाठी तुम्ही मर्यादा किती ठेवता? 20 चालेल का?

दुसरं, फाइल यूटीएफ-8मध्ये (देवनागरी चालणाऱ्या युनिकोड साठवणीत) असूनही टीव्हीवर जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षरानंतर दिसते. संगणकावर तीच फाइल नीट दिसते, म्हणजे दोष टीव्हीच्या अक्षरजुळणीत असावा. सबटायटल्स चित्रातच पक्की करणं हा एक उपाय, पण मग प्रत्येक दुरुस्तीला पूर्ण व्हिडिओ पुन्हा काढावा लागतो. पेनड्राइव्हवरूनच चालेल असा दुसरा मार्ग कुणी वापरलाय का?

1964 आणि 1985 हे काळ सतत मागेपुढे होतात, म्हणून साल पडद्यावर वरच्या बाजूला द्यायचा विचार आहे. संवादाची ओळ खाली असताना ते खटकेल का, हेही सांगा.