लक्ष्मीच्या चित्राचे फटाके: अडवायचं कुणाला?

रामबागकर
काल आपल्या इंदूरकरांच्या या धाग्यावर आवाहन आलं: ‘लक्ष्मीचं चित्र असलेले फटाके जिथे दिसतील तिथे धनत्रयोदशीला दहा-दहा जणांनी जाऊन उभं राहायचं, माल उचलायला लावायचा.’ वाचून डोकं तापलं म्हणून लिहितोय. चित्राबद्दलचा राग मलाही आहे. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी झाडूखाली अर्धा जळका चेहरा येतो, ते बघवत नाही. पण तुमची वेळही चुकली आणि जागाही.

शिवकाशीचा माल दिवाळीच्या काही महिने आधी बुक होतो, आगाऊ पैसे भरून. किरकोळ दुकानदाराकडे आलेली पेटी सहसा परत जात नाही. त्याचा परवाना तात्पुरता, मोजक्या दिवसांचा. ऐन धनत्रयोदशीला माल खाली उतरवायला लावलात तर तो जाणार कुठे? त्याच्या घरी, जिन्याखाली. म्हणजे भरवस्तीत बारूद.

२००८च्या स्फोटक नियमांप्रमाणे फटाके विकायच्या दोन तात्पुरत्या शेडमध्ये किमान ३ मीटर अंतर लागतं आणि शेड समोरासमोर तोंड करून नसतात. ती मोकळी पट्टी आग पुढच्या शेडला लागू नये म्हणून आणि माणसांना पळता यावं म्हणून ठेवलेली असते. तुमचे दहाजण नेमके तिथेच उभे राहणार.

लोकमान्यनगरवाली
दादा, मग तक्रार करायची कुणाकडे? शिवकाशीला पत्र पाठवून? कारखाना घाऊकवाल्याची मागणी बघतो, घाऊकवाला दुकानात काय पडून राहिलं ते बघतो. म्हणजे सुरुवात गल्ल्यापासूनच होते. जानेवारी २०१७मध्ये ॲमेझॉनच्या कॅनडाच्या साइटवर तिरंग्याचं पायपुसणं विकायला होतं. लोकांनी ओरड केली, तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराजांनी ॲमेझॉनच्या अधिकाऱ्यांचे व्हिसा बंद करायचा इशारा दिला, आणि माल निघाला. विकणाऱ्याला धरलं म्हणूनच निघाला ना?

माल उचलायचं राहू द्या, दुकानदाराने चित्रावर कोरा कागद चिकटवावा, एवढंच म्हणतोय आम्ही.

रामबागकर
कागद कुठे चिकटवणार, ते तरी सांगा. खोक्यावर एमआरपी, कारखान्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष छापलेलं असतं. २०११च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांनी ते झाकता येत नाही. चित्र त्या मजकुरापासून लांब असेल तर चिकटवा, हरकत नाही. पण सगळ्यात जास्त राग ज्या चौकोनी बॉम्बचा येतो, त्याचं लेबल अंगालाच खळीने डकवलेलं असतं. सोलायला जा, खालचा कागदाचा थर सोबत निघतो, वात ढिली पडते. ढिल्या वातीचा बॉम्ब फुटेल कधी आणि कुणाच्या हातात, याचा नेम नाही. हे काम दुकानात करायचं नसतं.

खजुरीबाजार
कायद्याचं जरा बघा. भारतीय न्याय संहितेचं कलम २९९, म्हणजे जुन्या दंड संहितेचं २९५-अ. त्यात जाणूनबुजून, दुष्ट हेतूने भावना दुखावल्याचं सिद्ध करावं लागतं. गिऱ्हाईक आणायला लक्ष्मी छापणाऱ्याचा तो हेतू कसा ठरवणार? लोक २०१५चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पुढे करतात, पण तो उदबत्तीवरच्या ‘रामायण’ या नावाचा. त्यावर एकट्याचा मालकी ट्रेडमार्क मिळणार नाही, इतकाच त्याचा अर्थ. देवाचं नाव वापरायला बंदी आलेली नाही.

आणि घरातल्या उदबत्तीच्या खोक्याचं काय करता तुम्ही? त्यावरचे गणपती, दत्त, साईबाबा कचऱ्याच्या गाडीत रोजच जातात. फटाका वर्षातून चार दिवस.

सुदामानगर
हेच. २०१३मध्ये मुंबई महापालिकेत अंतर्वस्त्र घातलेले पुतळे दुकानांतून हटवायचा ठराव झाला होता. आज लक्ष्मी, उद्या कपड्याचं दुकान. कुणाचं मन दुखलं यावर बाजार चालायला लागला तर थांबायचं कुठे?

लोकमान्यनगरवाली
पुतळे आणि देवी एका तराजूत घालू नका, हे मी ऐकून घेणार नाही. पुतळ्याकडे बघायचं नसेल तर मान फिरवता येते. इथे देवीचं चित्र पायाखाली येतं, आणि ते येणार हे छापणाऱ्याला आधीपासून माहीत असतं.

खोक्याचा प्रश्न मात्र खरा आहे. आमच्याकडे ते निर्माल्याबरोबर ओल्यात जातात.

खजुरीबाजार
ओल्यात नका टाकू, ताई! ओला कचरा देवगुराडियाच्या गोबरधन प्रकल्पात गॅस करायला जातो, २०२२मध्ये सुरू झाला तेव्हा दिवसाला ५५० टनांची क्षमता होती त्याची. तिथे पुठ्ठा आणि चंदेरी पाकीट म्हणजे नुसता अडथळा. आधी आतलं चंदेरी पाकीट वेगळं करा. चित्र बहुधा बाहेरच्या पुठ्ठ्यावर असतं. तो उघडून सपाट करा, कोरडा ठेवा, सुक्यात द्या. साध्या पुठ्ठ्याचा पुढे पाण्यात लगदा होतो. चित्र पाण्यातच विरतं, विसर्जनासारखं.

लोकमान्यनगरवाली
विरत असेल तर ठीक, हे पटलं. लग्नपत्रिकेचं काय मग? प्रत्येक घरात चळत साठलीय, टाकायला कुणाचा हात धजत नाही.

खजुरीबाजार
त्यात लॅमिनेशनची अडचण. वरची प्लास्टिकची फिल्म लगद्यात विरघळत नाही, गणपतीचा रंगीत तुकडा फिल्मला चिकटून जसाच्या तसा वर तरंगतो. सोनेरी फॉइलचंही तेच. छापखान्यात सांगायचं: लॅमिनेशन नको, फॉइल नको, साध्या कागदावर एकाच रंगात गणपती.

सुदामानगर
मुलीकडचे साधी पत्रिका स्वीकारतात का, ते आधी विचारा.

रामबागकर
पत्रिकांसाठी वेगळा धागा काढा, फटाक्यांवर या. ताई, गल्ल्यापासून सुरुवात होते हे तुमचं म्हणणं, नाइलाजाने का होईना, मान्य करतो. पण मग धनत्रयोदशीला नाही, बुकिंगच्या आधी जा. नेहमीच्या दुकानदाराला सांगा की मागणीच्या कागदावर ‘देवतेचे चित्र नको’ असं लिहून पाठव. गल्लीतल्या वीस घरांनी लिहून द्यावं, बिनचित्राचाच माल घेऊ. पेटी आमच्यासाठी ठेव म्हणून थोडी आगाऊ रक्कमही द्यावी. पैसे हातात पडले की तो घाऊकवाल्याशी वाद घालेल.

लोकमान्यनगरवाली
आगाऊ देऊ. पण या वर्षीचा माल तर येऊन पडलाय, त्याचं काय?

रामबागकर
तो घेऊ नका. शेजाऱ्यांनी वाजवलाच, तर सकाळी झाडायच्या आधी चित्राचे तुकडे हाताने वेचून बादलीभर पाण्यात टाका. वातीचा न फुटलेला बॉम्ब असेल तर तो वेगळ्या बादलीत रात्रभर बुडवून ठेवा, कोरडा असताना गाडीत देऊ नका. कचरा दाबताना पेटतो.