मेव्हण्याचे १५ लाख: फ्रँचायझी की स्वतःची पाटी?

घोडबंदरवाला
मेव्हण्याने व्हीआरएस घेतली. हातात १५ लाख, कासारवडवलीत गाळा बघून ठेवलाय. त्याला स्वतःचं नाश्त्याचं दुकान काढायचंय, मी म्हणतो एखाद्या चालत्या ब्रँडची फ्रँचायझी घे. आयुष्यभर लेथवर उभा राहिलेला माणूस. माल किती भरायचा, वाया किती जातो, पोरं किती दिवस टिकतात, त्याला काय ठाऊक? तिथे सगळं आखून मिळतं. विरोधात बोला, पण हिशोबाने.

नौपाडकर
हिशोबच घ्या. समजा महिन्याची विक्री ३ लाख, रॉयल्टी, म्हणजे ब्रँडचं नाव वापरायचे पैसे, ६ टक्के. झाले १८,०००. तेही विक्रीवर, नफ्यावर नाही. तोट्याच्या महिन्यातही द्यायचेच. वर १८ टक्के जीएसटी, ३,२४०. साधं उपाहारगृह ५ टक्के जीएसटीत मोडतं, त्याला इनपुट क्रेडिट नाही (आपण भरलेला जीएसटी वजा करून मिळत नाही), म्हणजे तेही गेले. वर्षाचे अडीच लाख नुसत्या पाटीचे! मामलेदार कचेरीजवळची मिसळ ठाण्याची ओळख झाली, ती कुणाची पाटी लावून?

नेरूळची सून
मिसळीचं उदाहरण हमखास येतं. बंद पडलेली दुकानं कोण मोजतं? त्यातलं एक माझं. पोळीभाजी केंद्र, दोन वर्षं चालवलं. आचारी शिमग्याला गावी गेला तो आलाच नाही, आणि आमटीची चवही घेऊन गेला. नव्याच्या हातची आमटी खाऊन आठवड्यात गिऱ्हाईकं म्हणू लागली, "ताई, पूर्वीसारखं नाही हो." फ्रँचायझीत मसाला पुड्यात येतो, माप ठरलेलं, माणूस बदलला तरी चव तीच. तेव्हा कुणी महिन्याला वीस हजार मागितले असते तर हसत दिले असते.

खारघरचा चहावाला
त्या पुड्यांतच मेख आहे, ताई. माझ्या फ्रँचायझीत (नाव नको) पावडर, मसाला, कागदी कपसुद्धा त्यांच्याकडूनच घ्यायचे, बाजारापेक्षा महाग. आठ महिन्यांत त्याच रस्त्यावर त्यांनी दुसऱ्याला दुकान दिलं. करारात हद्द लिहिलीच नव्हती. आपल्याकडे फ्रँचायझीचा वेगळा कायदा नाही. १८७२ चा करार कायदा आणि आपण सही केलेला कागद.

घोडबंदरवाला
हद्दीचं डोक्यात नव्हतं. पण भाऊ, ही तक्रार फ्रँचायझीची नाही, न वाचता सही केल्याची आहे.

खारघरचा चहावाला
वाचलं होतं हो. जे लिहिलंच नव्हतं ते कसं दिसणार? वकिलाचे पाच हजार वाचवले, ते मात्र खरं.

नौपाडकर
त्यापेक्षा मेव्हण्याला सहा महिने कुणाच्या तरी दुकानात उभं करा. फुकट शिकेल.

नेरूळची सून
आणि घर कोण चालवणार? रॉयल्टी म्हणजे शिकवणीची फी समजा. करार संपला की लावा स्वतःची पाटी. "नंतर असा धंदा करणार नाही" असं कलम घालतात, पण मुदत संपल्यावर अशी बंदी त्याच करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही.

घोडबंदरवाला
कराराचा मसुदा मागवलाय, यावेळी वकिलाला दाखवूनच. मेव्हणा सगळं वाचून एवढंच विचारतोय, मेनूत बहिणीच्या हातचे साबुदाणा वडे ठेवता येतील का?

खारघरचा चहावाला
नाही.