मदत हवी आहे: लेट-७ वाढल्यावर बीसीएल११ए वाढतं कसं?

नमस्कार. मी गडचिरोली जिल्ह्यात पदवीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. आमच्याकडे सिकलसेल हा नुसता पुस्तकातला आजार नाही. वर्गात वाहक असतात, कुणाचं धाकटं भावंड आजारी असतं. त्यामुळे "बाळ जन्मतं तेव्हा चांगलं असतं, मग पाच-सहा महिन्यांनी त्रास का सुरू होतो?" हा प्रश्न हमखास येतो. गर्भीय हिमोग्लोबिन असेपर्यंत बाळ सुरक्षित असतं, ते ओसरलं की लक्षणं दिसतात, इथपर्यंत मी सांगते. यंदा त्याच्या मागचं, रक्ताच्या मूलपेशींमधलं कारणही सांगायचं आहे. पोरांना ते कळायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

मला समजलंय ते असं: गर्भाच्या यकृतातल्या रक्त-मूलपेशींमध्ये लिन२८बी हे प्रथिन भरपूर असतं आणि ते लेट-७ कुळातल्या मायक्रोआरएनएंना (जनुकांचं काम दाबणारे छोटे आरएनए) पक्व होऊ देत नाही. पुढे लिन२८बी घटतं, लेट-७ तयार होऊ लागतात आणि ठरावीक संदेशवाहक आरएनएंना (जनुकाचा निरोप प्रथिन बनवण्यासाठी नेणारे आरएनए) चिकटून त्यांच्यापासून प्रथिन बनणं रोखतात. एचएमजीए२ हे त्यांचं एक लक्ष्य. ते कमी झालं की मूलपेशींचा गर्भातला वाढीचा झपाटा ओसरतो. उंदराच्या प्रौढ अस्थिमज्जेतल्या पूर्वपेशींमध्ये लिन२८बी घातलं, तर त्या पुन्हा गर्भातल्यासारख्या लसिका पेशी बनवू लागतात, हे २०१२ मध्ये दाखवलं गेलं.

अडचण पुढे आहे. प्रौढ वयात गॅमा ग्लोबिनचं, म्हणजे गर्भीय हिमोग्लोबिनच्या घटकाचं, जनुक बंद ठेवण्यात मोठा वाटा बीसीएल११ए या प्रथिनाचा. ते जन्मानंतर वाढतं. लेट-७ चं काम तर दाबण्याचं. मग लेट-७ वाढत असताना बीसीएल११ए वाढतं कसं? मध्ये आणखी कुणी आहे का? जाणकारांनी कृपया सांगावं. फळ्यावर चुकीचा बाण काढायचा नाही.

प्रतिसाद १
ताई, शंका रास्त आहे. बीसीएल११ए पर्यंत जाण्यासाठी लेट-७ मधून जावंच लागत नाही. लिन२८बी स्वतः बीसीएल११ए च्या संदेशवाहक आरएनएला जोडलं जातं आणि त्याचं भाषांतर, म्हणजे त्यापासून प्रथिन बनणं, थोपवतं. हे २०२० मध्ये स्पष्ट झालं. म्हणून नवजात बाळाच्या लाल पेशींच्या पूर्वपेशींमध्ये बीसीएल११ए चा आरएनए सापडतो, पण प्रथिन फारच कमी असतं. लिन२८बी घटलं की हा अडसर निघतो. म्हणजे लिन२८बी पासून दोन बाण काढा: एक लेट-७ कडे, दुसरा थेट बीसीएल११ए कडे. दोन्ही रोखणारे.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत, फक्त लेट-७ ला या गोष्टीतून पूर्ण वगळू नका. प्रौढ माणसाच्या लाल पेशींच्या पूर्वपेशींमध्ये लेट-७ अडवल्यावरही गर्भीय हिमोग्लोबिन वाढलेलं दिसलं आहे.

तुमच्या वर्गाला आवडेल असं आणखी एक उदाहरण देतो. १३ व्या गुणसूत्राची तिसरी प्रत घेऊन जन्मलेल्या बाळांमध्ये गर्भीय हिमोग्लोबिन जास्त काळ टिकतं, हे डॉक्टरांना फार आधीपासून ठाऊक होतं. त्याच गुणसूत्रावर मिर-१५ए आणि मिर-१६-१ हे मायक्रोआरएनए आहेत. ते एमवायबी या प्रथिनाला कमी करतात, आणि एमवायबी कमी झालं की गर्भीय हिमोग्लोबिन वाढतं, हे २०११ मध्ये पुढे आलं. इथे साखळी सरळ आहे, आधी ही शिकवून मग लिन२८बी घेतलंत तर सोपं जाईल.

धागाकर्ती
दोघांचेही खूप आभार! मुलांसाठी दोन बाणांची आकृती आजच काढते. एक उपप्रश्न: लिन२८बी मुळात घटतं कशामुळे? त्यावर कुणी वाचलं असेल तर इथेच लिहा.